उजळाईवाडीचा विमानतळ 'उडान'च्या आधीचा

कुणीतरी म्हटलंय की कोल्हापूरचा उजळाईवाडीतला विमानतळ 'उडान' या केंद्र सरकारच्या प्रादेशिक विमानसेवा योजनेतून आला. तसं नाही हो! उजळाईवाडीची धावपट्टी संस्थानकाळातली, छत्रपती राजाराम महाराजांनी १९३९ मध्ये सुरू केलेली. मधे अनेक वर्षं नियमित सेवा नव्हती, ती 'उडान'मुळे २०१८ मध्ये परत आली, एवढंच त्या योजनेचं श्रेय.

खरी अडचण धावपट्टीच्या लांबीची होती. जेमतेम १३७० मीटर, म्हणजे एटीआरसारखी छोटी, पंख्यांची प्रवासी विमानंच उतरणार. ती आता १९३० मीटर झालीय. रात्री उतरायची सोयही आहे. नव्या टर्मिनल इमारतीचं उद्घाटन १० मार्च २०२४ ला झालं. दगडी कमानींमुळे वाड्यात शिरल्यासारखं वाटतं. मला तरी ही इमारत आवडली.