मदत हवी आहे: एफ२ ५३ येतोय, पण गोळ्यागोळ्यांत फरक फार

नमस्कार मंडळी. जुन्या आणि नव्या फॉर्म्युल्याच्या प्रत्येकी १२ गोळ्यांचं डिसोल्यूशन (गोळीतलं औषध द्रवात किती वेळात किती विरघळतं याची चाचणी) केलंय. सरासरीवरून एफ२ (दोन प्रोफाइल, म्हणजे वेळेनुसार विरघळण्याचे आलेख, किती सारखे ते सांगणारा आकडा) ५३ आला. ५० च्या वर, म्हणजे कागदोपत्री प्रोफाइल सारखे. पण माझं मन मानत नाही.

१० मिनिटांना नव्या बॅचची एक गोळी ३१ टक्के विरघळली होती, तर दुसरी ५८ टक्के. कोटिंग फुटायची वेळच प्रत्येक गोळीची वेगळी, हे भांड्यात डोळ्यांना दिसत होतं. तिथे सीव्ही (सरासरीच्या तुलनेत आकड्यांचा पसारा) २४ टक्के आहे. सुरुवातीच्या बिंदूला २० आणि पुढे १० टक्क्यांची मर्यादा धरली, तर साधा एफ२ इथे लावताच येत नाही. तो फक्त सरासऱ्या बघतो, पसारा त्याला दिसतच नाही.

आता बूटस्ट्रॅप (याच गोळ्यांतून पुन्हा पुन्हा यादृच्छिक नमुने उचलणं) करून एफ२ च्या ९० टक्के विश्वासमर्यादेची खालची बाजू ५० च्या वर राहते का बघू, की महालनोबिस अंतर (पसारा आणि आकड्यांमधला संबंध धरून मोजलेलं दोन गटांमधलं अंतर) काढू? बूटस्ट्रॅपमध्ये अख्ख्या गोळीचा प्रोफाइल उचलायचा ना? वेळेनुसार आकडे सुटे उचलले तर एकाच गोळीच्या आकड्यांमधला संबंध तुटेल असं वाटतं. आणि ८५ टक्क्यांनंतरचा एकच बिंदू घ्यायचा, तो प्रत्येक फेरीत नव्याने ठरवता का? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सांगा.