मदत हवी आहे: पीएफसी (पॉवर फॅक्टर करेक्शन) आयसीची कमाल स्विचिंग फ्रिक्वेन्सी डेटाशीटमध्ये कुठे असते?

नमस्कार मंडळी, १०० वॉटचा स्ट्रीटलाइट ड्रायव्हर करतोय, पुढे एल६५६२ या आयसीवर बूस्ट पीएफसी, आउटपुट ४०० व्होल्ट, कॉइल ५०० मायक्रोहेन्री. फुल लोडला झकास चालतो. रात्री अकरानंतर डिमिंगने लोड २० वॉटवर येतो आणि तिथे गंमत होते, लोड पाचपट कमी झाल्यावर मॉसफेट गार पडायला हवा ना, हा उलटा तापतो. सप्लाय काढून, कॅप डिस्चार्ज करून हीटसिंकला बोट लावलं तर दोन सेकंद ठेववत नाही.

स्कोपवर २३० व्होल्टला, साइनच्या टोकाशी, फुल लोडला ८५ किलोहर्ट्झ दिसतात आणि डिमला चक्क ३०० च्या आसपास. डेटाशीट दोनदा वाचली, स्टार्टर टायमर आहे, डिले आहेत, पण कमाल फ्रिक्वेन्सीची ओळच नाही. आधी एनसीपी१६५४ वापरायचो, ती ठरलेल्या ६५, १३३ नाहीतर २०० किलोहर्ट्झची घ्यायची की विषय संपला. गेट रेझिस्टर १० चा ४७ ओहम करून बघितला, अजूनच तापला. माझं काय चुकतंय?

सोल्डरबाबा:
ओळ नाही कारण या आयसीत ऑसिलेटरच नाही भाऊ. ही क्रिटिकल मोडची आहे, कॉइलचा करंट शून्यावर आला की पुढचा पल्स, त्यामुळे फ्रिक्वेन्सी ठरवतात कॉइल, लाइन आणि लोड. ऑन टाइम म्हणजे दोन गुणिले एल (कॉइलचं इंडक्टन्स) गुणिले इनपुट पॉवर, भागिले आरएमएस व्होल्टेजचा वर्ग. तुमच्या आकड्यांनी फुल लोडला २ मायक्रोसेकंद, डिमला ०.४. कागदावर टोकाशी ९४ चे ४७० किलोहर्ट्झ होतात, तुम्हाला ३०० दिसतात कारण मॉसफेटच्या ड्रेनचं व्होल्टेज रिंग होऊन (झोका घेऊन) खाली यायची वाट बघण्यात वेळ जातो. ड्रेन-सोर्सला काही लावलंय का?

धागाकर्ता:
हो दादा, नॉइज कमी व्हावा म्हणून २२० पिकोफॅरॅड.

सोल्डरबाबा:
मग सापडलं. इनपुट ४०० च्या निम्म्याच्या वर गेलं की ड्रेन रिंग होऊन शून्यापर्यंत येत नाही. लाइनच्या ३२५ व्होल्टच्या टोकाशी तो २५० व्होल्टवरच अडकतो आणि तेवढा चार्ज मॉसफेट दर सायकलला स्वतःत जाळतो. फक्त त्या कॅपचेच जवळपास ७ मायक्रोज्यूल, गुणिले ३ लाख, म्हणजे टोकाशी २ वॉट. फुल लोडला हेच अर्धा-पाऊण वॉट असतं म्हणून लक्षात आलं नाही. कॅप काढा आणि गेटला परत १० लावा.

धागाकर्ता:
काढला!! फ्रिक्वेन्सी उलट वाढून ३४० झाली पण हीटसिंकला आता निवांत बोट ठेवता येतं, डोकं चक्रावलं. पण ईएमआयचं (बाहेर जाणाऱ्या नॉइजचं) काय?

वाइंडिंगवाला:
तेच सांगायला आलो. लाइटिंगच्या नॉइजचं स्टँडर्ड सिस्पर १५, त्यात १५० किलोहर्ट्झला मर्यादा ८० वरून एकदम ६६ डेसिबल मायक्रोव्होल्टवर पडते, तुमचा ८५ चा मूळ सूर (स्विचिंग फ्रिक्वेन्सी) अलीकडे राहायचा, डिमला तोच पलीकडे जातो. कॉइल ७५० मायक्रोहेन्री करून बघा, पण वेढे वाढवले की कोअरमधली गॅपही बघा नाहीतर कोअर सॅच्युरेट होईल. आणि गावाकडे रात्री लाइन २६५ ला जाते तेव्हा फुल लोडला टोकाची फ्रिक्वेन्सी ४२ वरून २८ किलोहर्ट्झवर येईल, अजून वाढवलीत तर कॉइल शिट्टी मारायला लागेल. त्यापेक्षा एनसीपी१६११ सारखी फोल्डबॅकवाली घ्या, करंट कमी झाला की ती स्वतःच २० किलोहर्ट्झपर्यंत खाली येते, कुठून खाली यायचं ते एका रेझिस्टरने ठरतं. पिन मात्र जुळत नाहीत, बोर्ड नवं करावं लागेल.

धागाकर्ता:
बोर्ड पन्नास छापून पडलेत हो :( त्यात आधी ७५० ची कॉइल बसवतो, रीडिंग इथेच टाकतो. तो फोल्डबॅकचा रेझिस्टर किती ओहमचा ते कसं काढायचं, कुणी केलंय का?