युद्धाच्या बातम्या आणि दहा किलो मीठ: ही बेगमी की साठेबाजी?

कैरीफोड (धागाकर्ता)

मे २०२५. ऑपरेशन सिंदूरनंतरचा दुसरा दिवस. पुण्यात मॉक ड्रिलपलीकडे काही घडलं नव्हतं, तरी आईने यादी देऊन मला दुकानात पिटाळलं. तेलाचा पंधरा लिटरचा डबा, गहू तीस किलो, तूरडाळ पाच, साखर पाच, मीठ दहा, मेणबत्त्या, काड्यापेट्यांचं पुडकं, शिवाय अंगाच्या साबणाच्या दोन डझन वड्या. माझ्यापुढे सात जण, सगळ्यांच्या याद्या अशाच. मागे समोरच्या बांधकामावरच्या एक बाई उभ्या होत्या. त्यांना पाव किलो डाळ हवी होती. दुकानदार म्हणाला, "संपली, उद्या बघा." शेवटची पाच किलो माझ्या पिशवीत होती.

मी काही बोललो नाही. पैसे दिले आणि निघालो.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. लढाई चालू असताना गरजेपेक्षा जास्त उचलणं ही साठेबाजीच, मग ती गोदामात करा नाहीतर फडताळात. १९६५ च्या टंचाईत शास्त्रीजींनी सोमवारी संध्याकाळचं जेवण सोडा म्हटलं आणि लोकांनी सोडलं. आता आपण काय करतो, तर डबा उचलतो. बोला.

माजघर

भावना पोचल्या, पण बेगमीला साठेबाजी म्हणू नका. माझ्या माहेरी ज्वारी वर्षाची भरायचे, कडुलिंबाचा पाला घालून, कणगीला शेणमातीचा लेप देऊन. आम्हाला काळाबाजारवाले कुणी म्हटलं नाही.

आणि तुमच्या आईला हसायच्या आधी जरा मागे बघा. माझी आजी १९४३ साली गिरगावात नवी नवरी. धान्य रेशनवर, कापड कंट्रोलचं. लुगडं विरलं की खराब भाग काढून उरलेले दोन तुकडे जोडायचे, त्याला दंड घालणं म्हणत. तिच्या लग्नातल्या दोन लुगड्यांवर तिने अशी तीन वर्षं काढली. ती गेली तेव्हा ट्रंकेत दोन कोरी लुगडी निघाली, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. पन्नास वर्षं ती बाई "असू देत, कधी लागतील" म्हणत होती. ज्याने टंचाई बघितली त्याचा हात पिशवीकडे जातोच. त्यात पाप काय?

तिरकस

अवांतर: आमच्याकडे सोमवार सोडतात तोच संध्याकाळी. त्यामुळे शास्त्रीजींच्या हाकेनंतर देव आणि देश यांच्यात आजोबांची भलतीच पंचाईत झाली होती.

वहीवाला

मिरजेत आमचं किराणा दुकान आहे, वडिलांपासूनचं. गल्ल्यावर बसून काय दिसतं ते सांगतो.

माल संपत नाही, माल *त्या दिवशी* संपतो. तेलाची गाडी माझ्याकडे मंगळवारी आणि शुक्रवारी येते. मी दोन गाड्यांच्या मधल्या खपाएवढंच मागवतो, कारण माझंही भांडवल अडकतं. एका संध्याकाळी तिप्पट खप झाला की फळी रिकामी. रिकाम्या फळीचा फोटो कुणीतरी सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो, की झालं, सकाळी शटर उघडायच्या आत वीस माणसं. तुटवडा एक दाण्याचाही नसतो.

त्यात मरतं कोण? माझं निम्मं गिऱ्हाईक रोजचं आहे. दहाची चहापत्ती, वीसचं तेल, साबणाची छोटी वडी. ज्याची मजुरीच संध्याकाळी हातात पडते तो सकाळच्या रांगेत येणार कसा? आणि जो महिन्याचा माल भरतो तो सुट्यापेक्षा स्वस्तात भरतो, तेही लिहून ठेवा.

त्या आठवड्यात मी एक केलं. वहीवरच्या माणसांसाठी एक पोतं साखर आणि अर्धं पोतं डाळ आतल्या खोलीत ठेवली आणि बाहेर "संपली" सांगितलं. म्हणजे साठेबाजी मीही केली. एक काका भांडून गेले, "रोख देतोय तरी नाही?" म्हणून. माझ्या वहीत ज्यांचे अडीच हजार बाकी आहेत त्यांना डाळ मिळाली आणि रोखवाल्याला नाही. आता बोला, मी चूक का?

आणि लढाई दारात यावी लागत नाही. २०२२ ला युक्रेनमध्ये रणगाडे घुसले आणि इथे सूर्यफूल तेल कडाडलं, कारण आपलं बहुतेक सूर्यफूल तेल युक्रेन आणि रशियातूनच यायचं. तेव्हा तर आमच्या गल्लीत किती जणांना तो देश नकाशात दाखवता आला असता शंकाच आहे.

छावणीतून

मी जालंधरला असते, हे सैन्यात आहेत. पुण्या-मिरजेची चर्चा वाचून थोडा राग आला, म्हणून लिहितेय.

इकडे ८ मे च्या रात्री ब्लॅकआउट होता. पडद्यांवर चादरी टाकल्या, फ्रीज उघडायचा नाही म्हणून दूध आधीच बाहेर काढून ठेवलं. इन्व्हर्टरचा लाल दिवा तेवढा दिसत होता, त्यावर टिकल्या चिकटवल्या. एक पुरेना, तीन लावल्या. घरात मी, चार वर्षांची मुलगी आणि सासूबाई. हे कुठे होते ते मला माहीत नव्हतं. अशा वेळी घरात दुधाची पावडर, पोहे, बीपीच्या गोळ्या आणि पिण्याचं पाणी आहे एवढ्यानेच माणूस झोपू शकतं. मी तो माल दोन दिवस आधी भरला होता आणि मला त्याची काडीची लाज वाटत नाही.

चंडीगडला प्रशासनाने साठेबाजीविरुद्ध आदेश काढला, बरं केलं. पण तो व्यापाऱ्यांना चाप लावायला होता, माझ्या पोह्यांना नव्हे. बाकी ज्यांच्या गावापासून सीमा हजारेक किलोमीटर लांब आहे त्यांनी दोन डझन साबण कशासाठी घेतले, हे मात्र मलाही ऐकायचंय.

गोटेबोर्गकर

धागाकर्ते, तुमचं तर्कशास्त्र इथे स्वीडनमध्ये उलटं आहे. युद्ध किंवा संकट आलं तर काय करायचं याची पुस्तिका सरकारनेच घरोघरी पाठवली, २०१८ ला आणि नव्याने नोव्हेंबर २०२४ मध्ये. पाणी, टिकाऊ खाणं, उबदार कपडे, बॅटरीवरचा रेडिओ, रोख रक्कम. आठवडाभर स्वतःच्या बळावर निभावता आलं पाहिजे. कारण साधं आहे. धडधाकट माणूस आठवडाभर रांगेत आला नाही, तर सरकारी मदत म्हाताऱ्यांपर्यंत आणि आजाऱ्यांपर्यंत लवकर पोचते. म्हणजे शांततेत साठा न करणारा माणूसच उद्याच्या रांगेत त्या बांधकामावरच्या बाईंच्या पुढे उभा राहणार. तुमच्या आईंचं चुकलं ते एवढंच, की खरेदी जानेवारीत करायला हवी होती.

जुनी कात्रणं

वर आजीच्या लुगड्याचा विषय निघाला म्हणून. शहाणपण, बेगमी वगैरे ठीक, पण खऱ्या टंचाईत वाचवलं ते मोजून देण्यानेच. ब्रिटनने १ जून १९४१ ला कपडेसुद्धा कुपनांवर आणले. माणशी वर्षाला ६६ कुपनं, त्यातली २६ एका पुरुषी सुटातच जायची. कपड्यांची वेगळी कुपनं छापलेली नव्हती, म्हणून सुरुवातीला शिधापुस्तकातली मार्गारीनची जादा कुपनं चालवली. बेत आधी फुटला असता तर आदल्या आठवड्यात दुकानं साफ झाली असती. सरकारलाही कैरीफोड यांच्या आईंची धास्ती होतीच!

आपल्याकडे मुंबईत मे १९४३ पासून शिधावाटप सुरू झालं आणि त्याच साली जूनमध्ये कापड नियंत्रणाचा हुकूम निघाला. कापडावर किंमत छापून येऊ लागली. खेड्यांत अजून रेशनच्या दुकानाला 'कंट्रोल' म्हणतात ते त्याच काळातलं. कलकत्त्यात शिधावाटप यायला १९४४ चा जानेवारी उजाडला, आणि मधल्या काळात बंगालचं काय झालं ते सांगायला नको. त्या दुष्काळात वीस ते तीस लाख माणसं गेली.

माजघर

कात्रणं, बंगालचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. तिथे सरकारने खापर साठेबाजांवरच फोडलं. जून १९४३ मध्ये गावोगाव साठे शोधायची मोहीम काढली (कलकत्ता वगळून, बरं का), हाती फारसं लागलं नाही. अमर्त्य सेन हेच सांगतात की तांदूळ होता, पण शेतमजुराच्या मजुरीत तो बसेना. मोठ्यांचं काही बिघडलं की आधी गृहिणीच्या डब्याचं झाकण उघडून बघायचं, ही जुनी खोड आहे.

जुनी कात्रणं

मोहिमेचं मान्य. पण मजुरीत का बसेना? लष्कराचा खर्च, नोटा छापणं, शहरातल्या कारखानदारांनी कामगारांसाठी आधीच उचललेला तांदूळ, आणि भाव चढणार म्हणून जो तो धरून बसलेला. एकट्या गृहिणीचा दोष नाहीच. पण 'जो तो' मध्ये तीही येते.

वहीवाला

सेन साहेबांचं पुस्तकातलं मला कळत नाही, पण "मजुरीत बसेना" हे माझ्या वहीत रोज दिसतं.

कैरीफोड

गोटेबोर्गकर, वेळेचा मुद्दा बिनशर्त मान्य. छावणीतून, तुम्हाला उद्देशून एक अक्षरही नव्हतं, तरी टोचलं असेल तर माफ करा. पण जानेवारीत भरा म्हणणाऱ्यांना एक विचारतो: दहा बाय दहाच्या पत्र्याच्या खोलीत पाच माणसं आणि आठवड्याचं पाणी, हे कुठल्या फडताळात बसवायचं? वहीवाल्यांची आतली खोली हेच मला त्याचं त्यातल्या त्यात बरं उत्तर वाटतं. आणि ते सरकारने नव्हे, एका दुकानदाराने खोटं बोलून दिलं.

साबणाबद्दल आईला विचारलं. म्हणाली, "ऑफर होती."

तिरकस

आणि दहा किलो मिठाचं काय झालं?

कैरीफोड

१० मे ला संध्याकाळी शस्त्रसंधी झाली. मे महिनाच तो, कैऱ्या आलेल्या. चार किलो मीठ लोणच्यात गेलं, एक किलो शेजारच्या काकूंनी नेलं. पाच किलो अजून आहे, पिशवीतच त्याचा दगड झालाय. परवा आईने त्यातला एक खडा बत्त्याने फोडला.