बाबांचा जुना पेट्रोल रोटाव्हेटर चालू करायचाय, सुरुवात कुठून करू?

गोराईची_लेक

नमस्कार मंडळी. मी बोरिवलीला राहते, बँकेत नोकरी. आजवर हातात पाना आला तो नळाचा वायसर बदलायला, तेवढाच.

माहेरची वाडी खाडीपलीकडे, गोराईला. तिथल्या पडवीत बाबांचा पेट्रोलवरचा छोटा रोटाव्हेटर नऊ वर्षं ताडपत्रीखाली पडून आहे. बाबा गेले त्या पावसाळ्यापासून त्याला कोणी हात लावलेला नाही. गेल्या महिन्यात भावाने भंगारवाल्याला बोलावलं. त्याने वजनावर भाव सांगितला आणि माझं डोकं फिरलं. "मी चालू करून दाखवते" असं सगळ्यांसमोर बोलून बसले आहे.

यंत्रावर 'मेरी टिलर' अजून वाचता येतं. इंजिन ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं, पत्र्यावर ठोकलेलं मॉडेल १३०२०२, कोड ७६०५१२ ने सुरू होतो. चाकं नाहीत, आसावर थेट वळलेली पाती आहेत. दोरी ओढली की फिरतं, पण साधं खोकतही नाही. टाकीचं झाकण काढलं तर फर्निचरच्या दुकानात आल्यासारखा वास.

बेत असा: टेम्पो करून बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये आणायचं, सगळं सुटं करायचं, घासायचं, रंगवायचं, परत जोडायचं. एक लिटर हिरवा ऑईल पेंट घेऊनही ठेवला आहे. काही चुकतंय का?

निवृत्त_फिटर

ताई, रंगाचा डबा माळ्यावर टाका. दुसरं, टेम्पो रद्द करा. पार्किंगमध्ये पेट्रोल आणि धूर म्हटलं की पहिल्याच रविवारी सेक्रेटरी खाली येतील, आणि या बाबतीत त्यांचं बरोबर असेल. यंत्र पडवीतच राहू दे. मोकळी हवा तिथे आहे.

नवीन माणसाची चूक नेहमी हीच. पहिल्या दिवशी सगळं सुटं करतो, दुसऱ्या महिन्यात बोल्ट कुठला कुठे ते आठवत नाही, आणि यंत्र पोत्यात भरून भंगारात जातं. मी वर्कशॉपमध्ये ३४ वर्षं काढली, असली पोती बरीच पाहिली. आधी ते का चालत नाही एवढंच शोधायचं. जे बिघडलेलं नाही ते उघडायचं नाही.

तुमच्या कोडचे पहिले दोन आकडे म्हणजे साल, पुढचे दोन महिना, मग तारीख. म्हणजे इंजिन १२ मे १९७६ चं. मॉडेलमधला १३ म्हणजे साधारण १३ घनइंच, आपल्या हिशोबाने दोनशे सीसीच्या आसपास. पाच हॉर्सपॉवर. बाजूला व्हॉल्व्ह असलेलं साधं इंजिन आहे, यात घाबरण्यासारखं काही नाही.

दोरीने फिरतंय म्हणजे पिस्टन जाम नाही. आता प्लग न काढता फ्लायव्हील, म्हणजे दोरीने फिरतं ते जड चाक, हाताने उलट्या दिशेने झटक्यात फिरवा. उसळून मागे आलं तर कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, आहे. सुलट फिरवून कळणार नाही, कारण दोरी हलकी जावी म्हणून या इंजिनात व्हॉल्व्ह किंचित उघडा राहील अशी सोय केलेली असते.

मग करंट. त्याआधी टाकीतलं पेट्रोल काढून लांब नेऊन ठेवा, भोवतालची हवा मोकळी होऊ द्या. प्लग काढून वायर लावलेलीच ठेवा, प्लगचं लोखंड इंजिनच्या हेडला टेकवा आणि कोणालातरी दोरी ओढायला सांगा. माझी पैज आहे, ठिणगी दिसणार नाही. खारी हवा आणि नऊ पावसाळे, पॉईंटवर, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या धातूच्या दोन टोकांवर, थर बसलेलाच असणार.

पॉईंट फ्लायव्हीलच्या खाली आहेत. फ्लायव्हील काढायला मॅग्नेट पुलर, म्हणजे चाक ओढून काढायचं हत्यार, लागेल, भाड्याने मिळाला तर उत्तम. पंख्याच्या पात्यांत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. ओतीव पाती असतात, एक तुटलं की तोल गेला. खाली पत्र्याचं छोटं झाकण, त्याखाली पॉईंट. यातली गंमत लक्षात ठेवा: एक पॉईंट कंडेन्सरच्या टोकावरच असतो, म्हणून स्कूटरचा कंडेन्सर इथे चालत नाही. बारीक पोलिश पेपरने दोन हात फिरवा, मग कोरा कागद मधे घालून ओढा, म्हणजे भुगा निघेल. पूर्ण उघडल्यावर फट ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर. फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, घ्या, नजरेवर जाऊ नका.

फ्लायव्हील निघालंच आहे तर त्याची चावीही बघा, म्हणजे ते आसावर जागेवर धरणारा छोटा तुकडा. लॉनमोवरचं पातं दगडावर आपटलं की ती कातरते आणि टायमिंग हुकतं. तुमच्यात मधे बेल्ट आहे, शक्यता कमी. परत बसवताना फ्लायव्हीलवरचं मॅग्नेट आणि ठिणगीचा करंट देणारी कॉइल यांच्यात व्हिजिटिंग कार्ड ठेवून स्क्रू आवळा. फट बरोबर येते.

आणि पात्यांजवळ हात घालण्याआधी प्लगची वायर काढून बाजूला. प्रत्येक वेळी.

वसईचा_वाडीवाला

काकांनी करंटचं सांगितलं, मी पेट्रोलचं सांगतो. त्या इंजिनाचा कार्बोरेटर टाकीच्या डोक्यावरच बसवलेला असतो आणि दोघांच्या मधे पातळ पडदा असतो. तोच पंपाचं काम करतो. नऊ वर्षांत तो कडक झालाच असणार. किट ऑनलाईन मिळतं. मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत, मग दीड फेरा बाहेर, सुरुवातीला एवढं पुरे.

२०२३ पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल यायला लागलं. १९७६ चं रबर त्यासाठी बनलेलं नाही, शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्याकडे हवेत पाण्याला काय तोटा! काम झालं की टाकी रिकामी करायची आणि इंजिन बंद पडेपर्यंत चालवायचं. पंपावर प्लास्टिकची बाटली नेऊ नका, धातूचा कॅन न्या. कायद्याने स्वतःच्या वापरासाठी ३० लिटरपर्यंत विनापरवाना ठेवता येतं, धातूचं भांडं २५ लिटरपेक्षा मोठं नको. पण तुम्हाला दोन लिटर पुष्कळ.

प्लग बदलताना जुना बरोबर न्या. चुडीची, म्हणजे आट्यांची, लांबी साडेनऊ मिलिमीटर. मोटारसायकलचा लांब चुडीचा प्लग बसतो, आणि आत कशाला तरी आपटतो. माझ्या भावाने हे करून पाहिलंय.

शब्दांचा_किडा

काम चालू दे, मी फक्त नावाबद्दल. 'रोटाव्हेटर' हे हॉवर्ड कंपनीचं नाव. ऑस्ट्रेलियात गिलगांड्राला ए. सी. हॉवर्ड यांनी १९१२ मध्ये वडिलांच्या शेतावर फिरत्या पात्यांचे प्रयोग केले, त्यातून ते आलं. इंग्रजीत उलटं वाचलं तरी तेच राहतं. देवनागरीत जमत नाही, मी प्रयत्न केला. ताईंचं यंत्र काटेकोरपणे बोलायचं तर टिलर.

गोराईची_लेक

काका, पैज जिंकलात. तीन रविवार सकाळच्या फेरीने गेले. फ्लायव्हील उलटं फिरवलं तर धाडकन परत आलं, हाताला झणझण. करंट शून्य. पुलर नागदेवी स्ट्रीटवर मिळाला. दुकानदाराने आधी विचारलं, "साहेब कुठेत?" मी म्हटलं, साहेब घरी डाळ लावतायत.

पॉईंट बाळाच्या नखाएवढे, वर पांढुरका थर. घासले, अर्ध्या मिलिमीटरवर बसवले. भाच्याने दोरी ओढली आणि निळी ठिणगी दिसली तेव्हा दोघं एकदम ओरडलो. आईला वाटलं साप निघाला. कार्बोरेटरचा पडदा पापड झाला होता, बदलला. इंजिनचं ऑईल डांबरासारखं निघालं, तीस नंबरचं भरलं, जवळपास सहाशे मिली.

सहाव्या ओढीला सुरू झालं! पण चार मिनिटांनी गुदमरून बंद. दहा मिनिटं थांबलं की परत सुरू, परत चार मिनिटं. तीनदा हेच. कॉइल गेली का?

निवृत्त_फिटर

कॉइल असेलही, पण पैसे खर्च करायच्या आधी फुकटचं बघा. बंद पडलं की लगेच टाकीचं झाकण सैल करा. सुस्कारा ऐकू आला तर कॉइल ठीक आहे. झाकणाला हवेचं छिद्र असतं. ते बुजलं की पेट्रोल खाली जातं तशी टाकीत पोकळी होते आणि पुरवठा थांबतो.

गोराईची_लेक

सुस्कारा आला! छिद्रात कुंभारमाशीने घर केलं होतं, मातीचं, चांगलं कडक. टाचणीने कोरून काढलं. आज पाऊण तास न थांबता चाललं, लाल माठाचे तीन वाफे झाले. नारळाच्या मुळाजवळ उड्या मारतं, तिथे दोन्ही हातांनी धरावं लागतं. बाबांच्या हाताला घट्टे का होते ते कळलं. भाऊ कुंपणाशी उभा राहून बघत होता, शेवटी म्हणाला, "जरा माझ्याकडे दे."

आता एकच. हिरवा ऑईल पेंट, एक लिटर, सील न उघडलेला. दुकानदार परत घेत नाही. बोरिवलीत कोणाला हवाय का?