मदत हवी आहे: किडनीच्या पेशंटसाठी पावडर, दोन डब्यांपैकी कोणता?

सांजवारा
वडिलांचं वजन तीन महिन्यांत चार किलो उतरलंय. अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) 3.1, क्रिएटिनिन 6.8. जेवण निम्म्यावर आलंय. किडनीच्या पेशंटची पावडर सुरू करा असं सांगितलंय, पण डबे दोन आहेत: एकावर लो प्रोटीन, दुसऱ्यावर हाय प्रोटीन. दोन्ही किडनीचेच. कोणता घेऊ आणि दिवसाला किती चमचे? आजच आणायचाय, लवकर सांगा.

मोजपट्टी
डायलिसिस चालू आहे का? सगळं तिथेच अडतंय. दोन्ही डबे एकमेकांच्या उलट कामाचे आहेत. डायलिसिस नसेल तर वजनाच्या किलोमागे दिवसाला साधारण 0.6 ते 0.8 ग्रॅम प्रथिनं बस होतात, म्हणून त्या पावडरीत कॅलरी भरपूर आणि प्रथिनं कमी. डायलिसिसमध्ये अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) गाळली जाऊन बाहेर जातात, त्यामुळे गरज 1.0 ते 1.2 ग्रॅमवर जाते. वजन, पोटॅशियम, फॉस्फरस आणि पाण्याची मर्यादाही लिहा.

शेवंती
पावडरीआधी कीटो-अॅनालॉग गोळ्यांचं विचारा. अमिनो आम्लातला नायट्रोजनचा भाग काढलेला असतो, शरीर आपल्याकडचा नायट्रोजन त्याला जोडून घेतं, त्यामुळे युरियाचा भार कमी राहतो. पाच किलो वजनामागे दिवसाला एक गोळी, तीन जेवणांत वाटून. जेवतानाच घ्यायची, रिकाम्या पोटी नाही.

मोजपट्टी
शेवंती, त्या गोळ्या डायलिसिसवर नसलेल्यांसाठी, तेही आहारातली प्रथिनं 0.28 ते 0.43 ग्रॅमपर्यंत खाली आणली असतील तर. इथे वजन उतरतंय, अशा माणसाचं प्रोटीन आणखी तोडायचं? शिवाय एका गोळीत 50 मि.ग्रॅ. कॅल्शियम. दहा-अकरा गोळ्या म्हणजे पाचशे ते साडेपाचशे. सोबत कॅल्शियमचं फॉस्फेट बाइंडर (जेवणातला फॉस्फरस पोटातच अडवणारी गोळी) असेल तर रक्तातलं कॅल्शियम चढतं.

शेवंती
किलोमागे 30 ते 35 कॅलरी पोटात गेल्या तर वजन टिकतं. कॅलरी न मोजता गोळ्या दिल्या की बिघडतं, त्यात गोळीचा दोष नाही. डायलिसिस असेल तर मात्र तुमचं बरोबर.

काजवा
कमी सोडियमचं मीठ वापरत असाल तर आजच बंद करा. त्यात सोडियम क्लोराइड कमी करून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं, आणि बिघडलेली किडनी पोटॅशियम बाहेर टाकू शकत नाही. आणि केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या कुणी देत असेल तर लॅबला सांगा. काही पद्धतींच्या तपासणीत पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं संप्रेरक) खोटं कमी दिसतं.

तिसरा_मजला
व्यायाम करणाऱ्यांची साधी व्हे पावडर (दुधातल्या प्रथिनांची) का नको? थोड्या पावडरीत जास्त प्रोटीन मिळतं.

मोजपट्टी
बिनचवीची, काही न मिसळलेली असेल तर डायलिसिसवर विचार करता येतो. पण कॅलरीची तूट तिने भरत नाही आणि कॅलरी कमी पडली की शरीर तेच प्रोटीन जाळून टाकतं. क्रिएटिन (व्यायाम करणारे ताकदीसाठी घेतात ते) घातलेली तर नकोच.

सांजवारा
डायलिसिस आहे, आठवड्यातून तीनदा. क्रिएटिनिनवरून कळेल असं वाटलं. वजन 54, पोटॅशियम 5.2, फॉस्फरस 6.1, पाणी 1 लिटर. मीठ, केस कुठून आले मध्ये? डबा सांगा.

मोजपट्टी
हाय प्रोटीन. 54 हे डायलिसिसनंतरचं वजन धरतोय. आधीचं असेल तर त्यात साठलेलं पाणीही आलं.

गरज 54 ते 65 ग्रॅम प्रथिनं आणि 1600 ते 1900 कॅलरी. चमचे सांगत नाही, मापाचा चमचा डब्यागणिक बदलतो. तीन दिवसांचं खाणं लिहून काढा, त्यात एक दिवस डायलिसिसचा हवा, आणि आहारतज्ज्ञांकडून मोजून घ्या. समजा 40 ग्रॅम भरलं, तर निदान 14 ची तूट. डब्यावर 100 ग्रॅममध्ये 20 ग्रॅम प्रथिनं लिहिली असतील तर 70 ग्रॅम पावडर लागेल, दोन-तीन वेळांत विभागून. पहिले तीन-चार दिवस निम्मीच द्या, एकदम पूर्ण दिली तर जुलाब होऊ शकतात.

फॉस्फरस आधीच चढलेला आहे, तेव्हा लेबलवरचे फॉस्फरसचे मि.ग्रॅ. भागिले प्रथिनांचे ग्रॅम करा. 10 च्या आत हवं. घटकांच्या यादीत फॉस्फेट असेल तर ते डबे मागे ठेवा, वरून घातलेला फॉस्फरस जवळजवळ सगळा शोषला जातो.

आधी कोमट पाणी, मग पावडर. उकळत्या पाण्यात गुठळ्या होतात. हे पाणी एका लिटरमध्येच धरायचं. जेवणाआधी देऊ नका, उरलीसुरली भूक जाईल. जेवणानंतर दीड तासाने किंवा झोपताना द्या.

शेवंती
पावडरीने अल्ब्युमिन आपोआप वर येईल असं धरू नका. शरीरात दाह (इन्फ्लमेशन) किंवा संसर्ग असेल, विशेषतः डायलिसिसचं कॅथेटर (शिरेत घातलेली नळी) असेल, तर खाणं नीट असूनही ते खालीच राहतं. सीआरपी (दाह दाखवणारी रक्ततपासणी) करून घ्या. भूक जाण्यामागे डायलिसिस कमी पडणं हेही कारण असतं. रिपोर्टमध्ये केटी/व्ही (डायलिसिस किती पुरेसं झालं त्याचा आकडा) 1.2 च्या खाली आहे का पाहा. बायकार्बोनेटही बघा, रक्तात आम्ल साठलंय का ते त्यावरून कळतं.

सांजवारा
आहे, मानेतलं कॅथेटर आहे. सीआरपी सांगतो उद्या. पावडर दुधात कालवली तर? आणि इन्सुलिन चालू आहे, त्याने फरक पडतो का?

मोजपट्टी
पडतो, हे पहिल्या ओळीत हवं होतं. मग डायलिसिसचाच पण मधुमेहींना चालणारा डबा मागा, साध्या डब्यांत साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन (रक्तातली साखर झटकन वाढवणारं पिष्ट) असू शकतं. पावडर घेतल्यावर दोन तासांनी साखर तपासा. वाढलेली दिसली तरी इन्सुलिन स्वतःहून वाढवू नका. किडनी गेल्यावर इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं, रात्री साखर धोकादायक खाली येऊ शकते. तो डोस डॉक्टरच बदलतील. दूध नको, पोटॅशियम आणि फॉस्फरस दोन्ही वाढतील. पाण्यातच द्या, थंड करून दिलं तर चव सोसवते. आणि कॅथेटर आहे म्हणता, तर थंडी वाजून ताप आला की सीआरपीची वाट न बघता त्याच वेळी डायलिसिस युनिटला फोन करा.