विद्यार्थी आंदोलनावरच्या माहितीपटानंतर चर्चा कशी घ्यावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

इथे अमेरिकेत आमच्या गावच्या वाचनालयात १९६० च्या सिट-इन आंदोलनावरचा माहितीपट दाखवतोय. (सिट-इन म्हणजे दुकानांतल्या फक्त गोऱ्यांसाठीच्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन शांतपणे बसून राहायचं.) प्रदर्शनाच्या हक्कांचं काम मार्गी लागलंय. (घरची डीव्हीडी सभागृहात लावता येत नाही, ते हक्क वेगळे घ्यावे लागतात.) अडलंय ते नंतरच्या चर्चेवर.

प्रेक्षकांत हायस्कूलची मुलं असतील, भारतातून आलेले आजी-आजोबाही. ग्रीन्सबरो शहरातली गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली असते: १ फेब्रुवारीला चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थ नावाच्या दुकानातल्या अशा काउंटरवर बसले, कॉफी मागितली, मिळाली नाही, तरी उठले नाहीत. ऐकणाऱ्याला वाटतं, चार पोरांच्या मनात आलं आणि झालं. मला बोलायचंय ते तयारीबद्दल, मुख्यतः नॅशव्हिल शहरातल्या. तिथे जेम्स लॉसन आधीपासून चर्चच्या तळघरात अहिंसक प्रतिकाराच्या कार्यशाळा घेत होते. काही विद्यार्थी काउंटरवर बसल्यासारखे खुर्च्यांवर बसायचे, बाकीचे गुंड व्हायचे: शिव्या द्यायच्या, खुर्चीवरून ओढायचं, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा. आंदोलकांना दिलेल्या सूचनांत ‘उलट मारू नका’ याच्या जोडीला ‘ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा’ हेही होतं. मे महिन्यात तिथले काउंटर सगळ्यांना खुले होऊ लागले. (हे लॉसन त्याआधी नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते! आजी-आजोबांसाठी हे माझं हुकमी पान.)

आता प्रश्न. आमच्यातली एक जण म्हणते, हीच तालीम मुलांकडून करून घेऊ. मला धास्ती वाटते. एक तर खिदळण्यात जाईल. शिवाय प्रेक्षकांत कृष्णवर्णीय मुलं असणार. एखाद्याला बसवून बाकीच्यांनी खोटं खोटं का होईना, त्याच्यावर ओरडायचं, हे मला अजिबात पटत नाही. तिचं म्हणणं, नाहीतर तासभर नुसती भाषणं होतील. तेही खोटं नाही. मी सुचवलं की सूचनांचा कागद वाटू आणि विचारू, यातली कुठली पाळणं तुम्हाला सगळ्यात जड गेलं असतं? असं काही कुणी करून पाहिलंय का? मुलं बोलती होतात का?

दुसरं, ‘विद्यार्थ्यांनी अभ्यास करावा, या भानगडी कशाला’ असं कुणी ज्येष्ठ बोलणारच. आंदोलनापायी लॉसनना ते स्वतः शिकत असलेल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातून काढलं होतं, म्हणजे ही शंका अगदीच हवेतली नाही. त्यांचा मान राखून चर्चा मुलांकडे कशी वळवावी?

आणि माइक हातात आला की न सोडणाऱ्यांवर काही जालीम उपाय असेल तर तोही सांगा.