'बायोसिग्नेचर'साठी मराठी शब्द: जैवस्वाक्षरी की जीवखूण?

मुक्ता: के२-१८बी या सूर्यमालेबाहेरच्या ग्रहावर डायमिथाइल सल्फाइड हा वायू सापडल्याच्या दाव्यावर लेख लिहितेय. दूरच्या वातावरणात सजीवांमुळे आलेला असू शकेल असा वायू दिसला, की त्याला 'बायोसिग्नेचर' म्हणतात. 'जैवस्वाक्षरी' वाचलाय, पण अनेकवचनात 'जैवस्वाक्षऱ्या' लिहिताना हात अडतो. दुसरं काही?

आडवाट: स्वाक्षरी नकोच. सही म्हटली की सही करणारा कोण ते ठरलेलं असतं, इथे तर तोच प्रश्न आहे. २०२० साली शुक्राच्या ढगांत फॉस्फीन सापडल्याचा दावा झाला (तो आहे की नाही यावरच अजून जुंपलेली आहे). पृथ्वीवर हा वायू प्राणवायू नसलेल्या जागच्या सूक्ष्मजीवांशी जोडतात, पण गुरूच्या वातावरणात तो कुणा सजीवाच्या मदतीशिवाय तयार होतो. म्हणून 'जीवखूण'. खूण फसवीही असू शकते. शिवाय 'जीवखुणा', 'जीवखुणेचा' सरळ चालतं.

दत्तू: 'सुगावा' कसा वाटतो? चोराचा सुगावा लागला म्हणजे चोर अजून हाती लागलेला नाही.

आडवाट: छान आहे, वाक्यात जरूर वापरा. संज्ञा म्हणून 'जीवसुगावा' मात्र काही जमत नाही.

रसायनी: 'जीवखूण' मान्य, पण ती कशाला लावायची ते सांभाळा. 'मिथेन ही जीवखूण आहे' हे चूक. शनीच्या टायटन या चंद्रावर मिथेनचा पाऊस पडतो. मिथेन आणि ऑक्सिजन मात्र एकमेकांना टिकू देत नाहीत. दोन्ही एकाच हवेत भरपूर दिसले तर कुणीतरी ते सतत पुरवतंय, हा मुद्दा शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक यांनी १९६५च्या सुमारास मांडला. म्हणजे खूण त्या जोडीची. खगोलशास्त्रज्ञ सारा सीगर आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली सुमारे १४,००० लहान, सहज वायुरूप होणाऱ्या रेणूंची यादी केली, त्या सगळ्यांनाही जीवखुणा म्हणू नका. ते नुसते उमेदवार.

मुक्ता: या यादीतल्यांना 'लघुरेणू' म्हणू?

रसायनी: 'लहान रेणू' पुरे. उगाच जड कशाला?

मुक्ता: मग वाक्य असं करते: 'डायमिथाइल सल्फाइड ही संभाव्य जीवखूण मानतात, पण ते ६७पी या धूमकेतूवरही आढळलं आहे.'

दत्तू: 'मानतात'च्या जागी 'मानली जाते' नको हं, आहे तेच ठेवा.